वरच्या मजल्याचा ताबा

माणसाला मी घर द्यायला सांगत होते, किडनी नव्हे. तरी आमच्या ह्यांनी चार महिने माझ्या नाकी नऊ आणले.

मी झुलेखा. कुवेतमध्ये खैतानला राहते, आणि एकवीस वर्षं फरवानियातल्या एका दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणायचं आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याचं मिटलेलं तोंड उघडायचं. ह्यांचं नाव मुस्तफा. शुवैखला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात स्टोअर सांभाळतात. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांना बरंच काही बोलणार आहे.

गावाला, श्रीवर्धनच्या अलीकडे, आमचं दोन मजली घर आहे. आमच्या मोहल्ल्यात निम्म्या घरांचे वरचे मजले बंद असतात. कुणी कतारला, कुणी दुबईला, कुणी आमच्यासारखं कुवेतला. वर्षातून एक महिना खिडक्या उघडतात, गाद्यांना ऊन लागतं, पुन्हा कुलूप. आणि चाव्या गावात ठेवायच्या नाहीत, ही ह्यांची शिस्त. चौदा चाव्यांचा जुडगा आमच्या खैतानच्या कपाटात, ह्यांच्या मोज्यात. कुलपं तिकडे समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजतायत आणि चाव्या इकडे एसीत पडल्यायत. शेजारच्या जुन्या घरात धाकटा दीर अशरफ राहतो. अंगण, पाण्याची टाकी, आंब्याची दोन झाडं, सगळं तोच बघतो. पण घरात पाऊल टाकायचं तर त्यालासुद्धा आमच्या सुट्टीची वाट बघावी लागते.

फेब्रुवारीत ह्यांच्या छातीत कळ आली. दोन स्टेंट पडले. तिसऱ्या ठिकाणी थोडा अडथळा आहे, तो गोळ्यांवर ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, “लक्ष ठेवा.” मी म्हटलं, आता लक्ष कशाकशावर ठेवू? हॉस्पिटलच्या त्या थंडगार पॅसेजमध्ये बसून मी एकच ठरवलं. ह्यांच्या डोळ्यांदेखत घर मुलींच्या नावावर करायचं. आम्हाला दोन मुलीच. थोरली नाझिया फार्मसिस्ट आहे, आमच्याजवळच असते. धाकटी तबस्सुम महाडला दिली आहे.

मुलगा नसला की शरीयतीप्रमाणे बायकोचा आणि मुलींचा हिस्सा काढून जे उरतं ते भावाकडे जातं. आमच्या बाबतीत चोवीसातले पाच हिस्से अशरफकडे. हिश्शाशी माझं भांडण नाही, तो अल्लाचा हुकूम आहे. पण बापानं जिवंतपणी मुलींना घर द्यावं, यालाही कुणी ना म्हटलेलं नाही. माझी भीती अशरफची नव्हती, त्याच्या तीन मुलांची होती. चोवीसातले पाच हिस्से म्हणजे कुठला भाग? जिना? मोरी? उद्या माझ्या मुली सुट्टीला जातील आणि जिन्यात चुलतभावाची मोटारसायकल आडवी लावलेली असेल.

शिवाय इथल्याच रिग्गईच्या आतिफभाईंचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. ड्यूटीवर असताना गेले. बँकेनं दुसऱ्याच दिवशी खातं गोठवलं. वारस कोण ते कोर्टातून लिहून आणा, तोवर हात लावायचा नाही. ते कागद आणायला गावाला गेलेली त्यांची बायको तिथेच अडकली, कारण तिकडे घरावर पुतण्यांनी हक्क सांगितला होता. बिचारी एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात हेलपाटे घालते आहे. मला ते नको होतं.

म्हणून मी सुखदाला व्हिडिओ कॉल लावला. सुखदा म्हणजे आमच्या दवाखान्यात पूर्वी नर्स असलेल्या शैलाची मुलगी. इथेच खैतानला माझ्या मांडीवर वाढलेली, आता अलिबागला वकिली करते. मला वाटलं होतं, मृत्युपत्र केलं की झालं.

“काकू, मृत्युपत्रानं नाही होणार,” ती म्हणाली. “तुमच्यात वारसाला मृत्युपत्रानं द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. म्हणजे काका गेल्यावर अशरफकाकांनी हो म्हणायला हवं. तुम्ही हिबा करा. जिवंतपणी दिलेली भेट. तीन गोष्टी लागतात. काकांनी दिलं म्हणायचं, मुलींनी घेतलं म्हणायचं, आणि ताबा द्यायचा.”

“ताबा म्हणजे?” ह्यांनी विचारलं. इतका वेळ शेजारी चहा पीत बसले होते.

“म्हणजे खरंच द्यायचं, काका. चाव्या, कागद, घरपट्टी, सगळं. त्यानंतर ते घर तुमचं नाही.”

“बघू,” हे म्हणाले, आणि चहाचा कप उचलून आत गेले. ह्या ‘बघू’नं माझ्या आयुष्याची वाट लावलीय. नाझियाची शाळा बघू, माझे गुडघे बघू, छातीत दुखतंय तर उद्या बघू. त्या उद्यामुळेच तर दोन स्टेंट पडले.

पंधरा दिवस मी जेवण वाढताना, कपडे वाळत घालताना, गाडीत, लिफ्टमध्ये, एकच विषय लावून धरला. आमच्या बिल्डिंगचा हारिस, वॉचमन हो, त्याला मराठीतलं अक्षर कळत नाही, पण तोसुद्धा मला बघितलं की ह्यांच्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. शेवटी एका शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर हे ओळखीचे दोघे साक्षीदार घेऊन आले. मी बिर्याणी केली होती. तबस्सुम मोबाईलच्या पडद्यावर. ह्यांनी खाली मान घालून म्हटलं, “माझं गावचं घर मी नाझिया आणि तबस्सुमला दिलं.” मुली म्हणाल्या, “कबूल.” सुखदानं पाठवलेल्या कागदावर सह्या झाल्या. मला रडू आलं. म्हटलं, सुटले बाई.

कसली सुटतेय!

दत्तप्रसाद म्हणून ह्यांच्या दुकानातले एक गृहस्थ सुट्टीवर माणगावला निघाले होते. आमच्याकडे कुणी गावाला निघालं की त्याच्या बॅगेतली जागा त्याची नसते. आम्हीही खजुराचा डबा, तबस्सुमच्या सासूचं मलम आणि एका पाकिटात चाव्या दिल्या. पाकीट ह्यांनी स्वतः बंद केलं, वर तीन पदरी चिकटपट्टी लावली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आठवड्यानं तबस्सुम चाव्या घेऊन गावच्या घरी पोचली. फोन आला, “अम्मी, खालचं सगळं उघडलं. वर जाता येत नाहीये. जिन्याच्या दाराची चावीच नाही यात.”

मी कपाट उघडलं. मोजा हातात घेतला. जड लागला. आत वरच्या मजल्याच्या सहा चाव्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मोजा घेऊन तशीच बाहेर आले आणि ह्यांच्या पुढ्यात आपटला.

“हे काय आहे?”

“वर माझं सामान आहे,” हे म्हणाले.

“कसलं सामान? दोन पलंग, बंद पडलेला टीव्ही आणि पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेली कपबशी! साक्षीदारांसमोर दिलं म्हणालात ना? बिर्याणी खाऊन गेले ते लोक!”

“दिलंच आहे. फक्त मी आहे तोवर वरचं राहू दे.”

नाझिया सोफ्यावरून म्हणाली, “अब्बा, दॅट्स नॉट गिविंग.” एरवी ती इंग्रजीत बोलली की मी ओरडते. त्या दिवशी नाही ओरडले.

बरं, चाव्यांवरच थांबले असते तर. हे रोज तबस्सुमला फोन करायचे. भिंतीला खिळा मारू नको. टाकीचं झाकण कुणी उघडलं? आंबे अशरफला उतरवायला सांगितलेत, तू मध्ये पडू नको. तिच्या नवऱ्यानं हॉलमधलं कपाट फूटभर सरकवलं, तर ह्यांनी व्हिडिओ कॉलवर ते परत जागेवर सरकवून घेतलं. जावई घामाघूम. तबस्सुमनं मला वेगळा फोन करून विचारलं, “अम्मी, हे घर मला दिलंय की मला राखणीला ठेवलंय?”

सुखदाला सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला. “काका, ऐका. हे असंच चाललं ना, तर तुमच्या माघारी कुणीही कोर्टात म्हणेल की ताबा कधी दिलाच नव्हता. आणि खरंच म्हणेल. तुमचे फोनच पुरावा होतील. कागदाला काही अर्थ राहणार नाही.”

“अशरफ कोर्टात जाणार नाही.”

“अशरफकाकांना मुलं आहेत.”

“बघू.”

मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं असेल. ह्यांनी ऐकून घेतलं. नंतर पहिल्यांदाच आवाज चढवला.

“चौतीस वर्षं झाली इथे! एक वीट माझ्या नावावर होऊ शकत नाही या देशात, तो कायदाच आहे. घर भाड्याचं, राहायचा इकामा कंपनीचा. मालकानं उद्या सांगितलं, मुस्तफा, बस झालं, की दोन बॅगा भरून निघायचं. जायचं कुठे? त्या वरच्या मजल्यावर. तोही देऊन टाकला की मी कोण? मुलीच्या घरातला म्हातारा?”

एखादी शहाणी बाई इथे गप्प बसली असती. त्यांचे डोळे भरले होते. पण मीही एकवीस वर्षं त्याच बसनं कामाला गेलेली.

“तुम्ही कोण विचारता? मग मी कोण? वरचा मजला कुणाच्या पगारातून झाला? माझ्या! फरशी मी निवडली, खिडक्यांचं लाकूड मी निवडलं. घरपट्टीच्या एका पावतीवर माझं नाव आहे का? तुमच्या नावावर निदान काहीतरी आहे, म्हणून सोडताना दुखतंय. माझ्याकडे सोडायलासुद्धा काही नाही!”

हे मी काही ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघालं आणि माझं मलाच कसंतरी झालं. चार महिने मुलींचा हिस्सा, अशरफचा हिस्सा करत होते, पण स्वतःचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. मुलींनी घेतलं नाही, सुखदानं घेतलं नाही, साक्षीदारांनी तर कशाला घ्यावं? तीन दिवस हे जेवून आपलं ताट आपणच धुवून ठेवत होते.

चौथ्या दिवशी, शुक्रवारीच, तेच दोन साक्षीदार पुन्हा दारात. मी चिडले. म्हटलं, बिर्याणी नाहीये, डाळभात आहे. ह्यांनी तबस्सुमला फोन लावला, सुखदाला लावला, पडदा समोर उभा केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मुलींना दिलेलं पुरं झालं नव्हतं, वकीलच म्हणाली. आता ऐका. गावचं घर, खालचं, वरचं, अंगणासकट, मी झुलेखाला दिलं. कसलीही अट नाही.”

आणि मोज्यातल्या सहा चाव्या माझ्या हातात ठेवल्या. घराच्या कागदांची पिशवीही दिली.

सगळे माझ्याकडे बघत होते. नाझिया म्हणाली, “वेट, व्हॉट?” तबस्सुमचा चेहरा पडद्यावर उतरलेला दिसला. सुखदानंच सांगितलं, “काकू, कबूल म्हणा.” मी म्हटलं. तीस वर्षांपूर्वी निकाहात म्हटलं होतं त्यापेक्षा हळू म्हटलं.

साक्षीदार गेल्यावर हे म्हणाले, “मुलींच्या घरात मी पाहुणा झालो असतो. तुझ्या घरात नाही होणार.”

“म्हणजे यातही स्वतःचीच सोय बघितलीत!” मी म्हटलं. पण रागात दम नव्हता.

त्यानंतरचे तीन आठवडे, खोटं कशाला बोलू, मी हवेत होते. ग्रामपंचायतीत नाव बदलायचं तर ह्यांचं कुलमुखत्यारपत्र लागलं. त्याच्या साक्षांकनासाठी भारतीय दूतावासात दोनदा रांगेत उभे राहिलो, एकदा फोटोमागचा रंग चालला नाही म्हणून परत पाठवलं. एरवी मी त्या खिडकीवरच्या माणसाला धुतला असता, पण हसत परत आले. दवाखान्यात पेशंटच्या तोंडात ट्यूब धरून मी मनात वरच्या मजल्याचे पडदे बदलत होते. तबस्सुमला सांगितलं, स्वयंपाकघरात तुझे डबे मांडू नको, मला ओटा तोडून नवा करायचाय. ती “बरं” म्हणाली. एवढंच.

परवा नव्या उताऱ्याचा फोटो आला. घराच्या मालकाच्या रकान्यात माझं नाव. मी तो पाच वेळा मोठा करून पाहिला. मग सुखदाचा फोन आला. शुक्रवारची सकाळ, मी, हे आणि नाझिया नाश्त्याला बसलेलो. मी फोन स्पीकरवर टाकला.

“काकू, अभिनंदन. हिबा पक्का झाला. आता पुढचं बोलू. तुम्हाला भाऊ आहे ना?”

“आहे की. वाजिद. मुरुडला असतो. का गं?”

“मग तुमच्या माघारी काका आणि मुलींचा हिस्सा काढून बारावा हिस्सा वाजिदमामांकडे जाईल. घर आता तुमचं, त्यामुळे वारसही तुमचे. मुलींना पूर्ण मिळावं हाच हेतू होता ना? मग तुम्ही लगेच त्यांना हिबा करून टाका. मी कागद करून ठेवलाय.”

ह्यांनी घावन्याचा तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिले.

मी म्हटलं, “अगं, वाजिदचं काय मध्येच? बारावा हिस्सा तो काय! आणि त्याला गेला तरी काय बिघडलं? माझ्या दोन्ही बाळंतपणांत धावला तो. अम्मी-अब्बांना शेवटपर्यंत त्यानंच बघितलं, मी तर इथेच होते. त्याची मुलं गुणी आहेत, ती काही जिना अडवायची नाहीत.”

बोलता बोलता मला कळत होतं. तरी तोंड थांबत नव्हतं.

नाझियानं चहाचा कप खाली ठेवला. तिनं आवाज अजिबात चढवला नाही. माझ्याशी ती क्वचितच सलग मराठीत बोलते, त्या दिवशी बोलली.

“अम्मी, चाचांनीपण आपलं घर वीस वर्षं बघितलं. दादीला त्यांनीच बघितलं. मग चाचांचा हिस्सा गेला तर घर तुटतं आणि मामूंचा गेला तर चालतं?”

मला ते घर कुणालाच द्यायचं नव्हतं. अशरफला नाही, वाजिदला नाही, आणि अल्ला माफ करो, मुलींनासुद्धा आत्ताच नाही. तीन आठवडे झाले होते फक्त.

“काकू? ऐकताय ना?” सुखदा विचारत होती. “कागद पाठवू का आज?”

“आज नको गं,” मी म्हटलं. “ड्यूटीला उशीर होतोय मला.”

आणि फोन ठेवला. शुक्रवारी आमचा दवाखाना बंद असतो, हे त्या टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.